थोरलीच्या झोक्याची फळी

गल्लीत त्याला सगळे सीटवाला म्हणत. स्कूटरची सीट, टेम्पोच्या ड्रायव्हरची गादी, दवाखान्यातल्या खुर्च्या, जे फाटेल ते त्याच्याकडे येई. दुकान म्हणजे एक शटर. आत फोमचे थर, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि मधोमध शिवणयंत्र. ते थांबलं की शेजारचा पंक्चरवाला चहा मागवायचा. टेप खिळ्याला लटकलेली असे, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्याला स्वतःला टेप लागत नसे. खुर्ची एकदा नीट पाहिली की तो थेट कात्री चालवी आणि कापड बरोबर बसे. या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. दुसरं अभिमान वाटावं असं हाताशी फारसं उरलं नव्हतं.

त्याची बायको मुलांना घेऊन वेगळी राहायला गेली तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती आणि धाकटा कडेवर. फार मोठं भांडण झालं असंही नाही. दोघंही भांडून भांडून दमली होती. तेव्हापासून गेली चार वर्षं रविवारची सकाळ त्याची. दुकानावरच्या खोलीत मुलांना आणायची सोय नव्हती, कारण फोम चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने धाकट्याला खोकला लागे. म्हणून बाग. बागेच्या फाटकाशी मुलांची आई दोघांना सोडी आणि जेवायच्या वेळेला घेऊन जाई.

धाकट्याला बाप म्हणजे रविवारी भेटणारा एक काका. त्याचा हात धरण्याआधी तो दर वेळी ताईकडे बघे. ताईने मान हलवली की मग बोट पुढे येई.

एका दुपारी मुलांच्या आईचा फोन आला. "थोरली म्हणतेय, तिला कंटाळा येतो. आता मोठी झालीय ती. त्या बागेत तिच्याजोगं काहीच नाही."

"दुसरी बाग बघतो," तो म्हणाला.

"अहो, बागेचं काय घेऊन बसलात? ती नाही आली तर धाकटाही येणार नाही. तिच्याशिवाय तो फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही, तुम्हाला माहितीय. मी किती ढकलू त्यांना? मलाही बरं वाटत नाही हो."

"एक रविवार दे. दोघांना आवडेल अशी जागा काढतो."

मग ती म्हणाली, "बघा."

त्या दिवसापासून यंत्र संध्याकाळी लवकर थांबू लागलं. सायकल काढून तो बागा बघत हिंडायचा. पंक्चरवाल्याला दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी त्याने सगळं काढून घेतलं आणि म्हणाला, "लोक मुलींसाठी स्थळं बघतात, तू बागा बघतोयस. एखादी पसंत पडली का नाही अजून?"

"तळ्याकाठची चांगली आहे. पण कठड्याच्या गजांत फट आहे. धाकट्याचं डोकं आरपार जाईल."

"म्हणजे नकार कळव."

बँकेमागच्या बागेत घसरगुंडी पत्र्याची होती आणि खालच्या टोकाला पत्रा उचकटलेला. त्याने तळहात फिरवला तर कातडी सोलवटली. तिसऱ्या ठिकाणी लहान मुलांसाठी सुंदर वाळू होती, पण फाटकावरच्या पाटीनुसार मोठ्या मुलांना आत मनाई होती. थोरलीने मग काय करायचं, बाहेर भिंतीला टेकून मोबाइल बघत उभं राहायचं? एका मैदानात मोठी पोरं इतक्या जोरात चेंडू मारत होती, की तो स्वतःच खांबामागे जाऊन उभा राहिला. बाग लहानग्यासाठी बरी असली तर थोरलीला तिथे काही नसे, आणि थोरलीजोगी असली तर धाकट्याला नेण्याची सोय नसे. दोन लेकरांच्या वयांत पडलेलं अंतर शहरात कुणी गृहीतच धरलेलं दिसत नव्हतं.

शेवटी जुन्या पाण्याच्या टाकीमागे त्याला हवी तशी जागा सापडली. डावीकडे वाळूचा खड्डा, बुटकी घसरगुंडी आणि खाली रबराच्या चटया. उजवीकडे दोरांची उंच जाळी आणि मोठ्यांचे दोन झोके. मध्ये गुडघाभर उंचीचं कुंपण आणि एक बाक, जिथे बसलं की दोन्ही बाजू दिसत. त्याने नटबोल्ट हाताने पिळून पाहिले, वाळूत बोटं खुपसून काचा शोधल्या, फाटकाची कडी लहान हाताला उघडत नाही ना ते बघितलं. सगळं ठीक होतं. फक्त एका मोठ्या झोक्याच्या साखळ्या नुसत्याच लोंबत होत्या. फळी गायब.

"कधीची गेलीय," माळी म्हणाला. "वर सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

"मी करून आणली तर?"

माळ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणा की. पण कुणी विचारलं तर मी काही पाहिलेलं नाही."

फळी करण्यात त्याने जीव ओतला. चांगल्या लाकडाचा तुकडा निवडला, कडा घासून गोल केल्या. वर दाट फोम आणि निळं रेक्झिन, कारण थोरलीचा आवडता रंग निळा. साखळी मांडीला लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना गादीचे जाड कान काढले, जे बसणारीला कमरेशी हलकेच धरून ठेवतील. दाभणाने दुहेरी टाके घातले. माप त्याने घेतलं नाही. घ्यायचं कुणाचं? मुलगी समोर नव्हती, आणि तिचं माप त्याच्या नजरेत होतंच. डोळे मिटले की ती दिसे, दुकानात फोमच्या ढिगावर बसलेली, पाय हलवत. कात्री थेट चालली.

पंक्चरवाल्याने फळी उलटीपालटी करून बघितली. "राणीसाहेबांचं सिंहासन झालंय. मला पण एक कर."

"तुझ्या मापाचं लाकूड मिळत नाही बाजारात," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी दुकानात हसणं ऐकू आलं.

रविवारी मुलं आली. धाकट्याने वाळू पाहिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा ताईकडे न बघता धावत सुटला. बापाच्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं. तो थोरलीकडे वळला. ती केस एका बाजूला घेऊन उभी होती, खांदे थोडे पुढे ओढलेले, मोठ्या मुली उभ्या राहतात तशी.

"हे तुझ्यासाठी," त्याने झोका दाखवला. "मी केलाय."

"तुम्ही केला?" तिने निळ्या रेक्झिनवरून बोट फिरवलं. आधी ती त्याला तू म्हणायची. "छान आहे, बाबा."

"बस ना."

ती फळीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. मग वळून हळूच बसली. त्याने मागून झोका दिला. साखळ्या कुरकुरल्या. ती काही बोलत नव्हती, पण उतरतही नव्हती. त्याला वाटलं, जमलं. पलीकडे धाकटा वाळूचा डोंगर दाखवत ओरडत होता, इकडे थोरली झोक्यावर होती आणि तो मध्ये उभा राहून दोघांना बघत होता. अशी सकाळ त्याने किती वेळा मनात रंगवली होती. तो झोके देतच राहिला.

"आता पुरे, बाबा," ती बऱ्याच वेळाने म्हणाली.

ती उठायला गेली तर फळीही तिच्याबरोबर उठली. जाड कान तिच्या कमरेत रुतले होते. तिने दोन्ही हातांनी फळी खाली दाबली, अंग वाकडं केलं आणि कशीबशी सुटली. मांडीवर गादीच्या शिवणीचा टाकान् टाका लालभडक उमटला होता. तिने झटकन ड्रेस खाली ओढला.

त्याने ते पाहिलं होतं.

"लागत होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं केलंत म्हणून." मग तिला वाटलं असावं की हे पुरेसं नाही. "मस्त होता झोका. खरंच."

तो फळीकडे बघत राहिला. टाके सरळ होते, कडा गोल होत्या, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप चुकलं होतं, आणि तेही चांगलं चार वर्षांनी.

दोघं बाकावर बसली. ती बुटाच्या टोकाने माती उकरत होती. "बाबा, पुढच्या रविवारपासून माझा क्लास आहे. सकाळचा."

"कसला?"

"चित्रांचा." ती थांबली. "आई म्हणाली होती, दुपारचा घे. मीच सकाळचा घेतला."

तिला खोटं बोलता आलं असतं. बोलली नाही, हे त्याला नंतर सुचलं. त्या क्षणी तो एवढंच म्हणाला, "चित्रं चांगली काढायचीस तू. दुकानाच्या शटरवर बदक काढलं होतंस."

"अजून आहे?"

"आहे ना. शटर वर केलं की दिसत नाही, एवढंच."

ती हसली, आणि लगेच तिचा चेहरा रडवेला झाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेही वेगळ्याच उंचीवर होतं.

पुढच्या रविवारी तो टाकीमागच्या फाटकाशी वेळेआधी जाऊन थांबला. खिशात धाकट्यासाठी लाल फावडं होतं. मुलांच्या आईचा फोन आला. मागे रडण्याचा आवाज होता.

"दारापर्यंत आणला. ताई नाही म्हटल्यावर जमिनीवर लोळतोय. उचलून आणू का?"

त्याच्या डोळ्यांसमोर ते आलं. रडणारं पोर, फाटक आणि तो.

"नको," तो म्हणाला. "उचलून नको आणूस. मला बघितलं की त्याला रडणंच आठवेल मग."

"पुढच्या रविवारी बघू," ती म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता.

"हो. बघू."

तो आत गेला, कारण दुसरीकडे कुठे जायचं हे त्याला ठरवता येईना. फळी सोडवून न्यावी म्हणून पाना आणला होता. तो झोक्यापाशी पोचण्याआधीच एक मुलगी धावत आली आणि टुणकन फळीवर बसली. नऊएक वर्षांची असेल. गादीचे कान तिच्या कमरेशी अलगद टेकले. ना घट्ट, ना सैल. पाय हलवत तिने मागे वळून पाहिलं.

"काका, एक झोका द्याल?"

त्याने पाना खिशात टाकला आणि झोका दिला. हळू, एकाच हाताने. माप कुठेच चुकलेलं नव्हतं.