पहिला साचा

साचेकाकांना स्वच्छ हातांनी मी कधी पाहिलं नाही. नखांत प्लॅस्टर, भुवयांवर प्लॅस्टर, चहाच्या कपाच्या कानालाही प्लॅस्टर. मी त्यांना म्हणायचे, "काका, तुमचा पुतळा बनवायचा खर्च वाचला. नुसतं चौकात उभं केलं की झालं." ते मान वर न करता म्हणायचे, "त्या पुतळ्याला तोंड मात्र तुमचं लावा, ताईसाहेब. माझं फार गप्प आहे."

मी दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. पेशंटना वेळा द्यायच्या, फोन घ्यायचे आणि पोरापेक्षा जास्त घाबरलेल्या आईला खाली बसवायचं, हे माझं काम. आमचे डॉक्टर वाकडे दात सरळ करतात. तारा बसवतात, दर महिन्याला आवळतात, वरच्या आणि खालच्या दातांचा चावा जुळवून आणतात. आणि मागे, जिला खिडकी म्हणून नाही अशा खोलीत, काका बसायचे. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात ओला मसाला दाबून माप घेतलं की ते ओलं असतानाच काकांकडे जायचं. काका त्यात थोडं थोडं प्लॅस्टर सोडत आणि थरथरणाऱ्या यंत्रावर धरून आतली हवा काढत; घट्ट झालं की तो दातांचा साचा. बुडबुडा राहिला की दाताला नसलेली पुळी येते, आणि तसला साचा ते सरळ बादलीत फेकत. तरुणपणी ते घरांच्या छतांना प्लॅस्टरची नक्षी करत. नक्षीची हौस लोकांची संपली तसे काका छतावरून उतरून तोंडात आले, असं तेच सांगायचे. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. बसमध्ये कुणी हसून बोललं तर खाली उतरल्यावर विचारायचे, "ती कोण हो? खालचा जबडा पुढे होता, तीच ना?"

प्रत्येक पेशंटचे निदान दोन साचे होत. पहिला तारा लावण्याआधी, शेवटचा तारा काढल्यावर. पहिल्यावर सगळी भिस्त असायची. तो नाव घातलेल्या खोक्यात हाताशी असे, कारण दर वेळी डॉक्टर आतून ओरडत, "काका, साचा आणा," आणि काका तोच नेऊन देत. शेवटच्या साच्याचं कौतुक एक दिवसाचं. मग तो कागदात गुंडाळून माळ्यावर जाई. सरळ झालेल्या दातांचं आमच्याकडे पुढे काही काम पडत नाही.

त्या मुलीला आम्ही घड्याळवाली म्हणत असू, कारण ती घड्याळांच्या दुकानात कामाला होती. पहिल्यांदा आली तेव्हा तोंडावरचा हात काढायला तयार नव्हती. वरचा एक सुळा हिरडीत उंच, पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले. जागा करायला डॉक्टरांनी तिच्या चार उपदाढा काढल्या आणि मग तारा लावल्या. दर महिन्याला आई सोबत यायची आणि बाकावर न बोलता बसायची. बाप लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो आम्हाला कधी दिसला नाही. तारा आवळून झाल्या की मुलगी गाल धरून मागच्या खोलीत जायची आणि आपला जुना साचा बघून किंचाळायची, "काका, हे भूत फोडून टाका ना!"

"फोडतो की. तुझ्या लग्नात, सगळ्यांसमोर."

तारा निघाल्या त्या दिवशी ती उगाचच हसत सुटली होती. मी रागावले तरी हसली. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रात्री घालायची पट्टी काकांनी तिला करून दिली. बसते का ते बघायला तिला तीनदा तोंड उघडायला लावलं, आणि मला म्हणाले, "हा चावा बघा. असा चावा वर्षात एखादा होतो." काकांच्या तोंडून एवढी स्तुती मी दुसऱ्या कुणाची ऐकली नाही.

पुढच्या वर्षी ती हरवली. दुकानातून नेहमीच्या वेळेला निघाली आणि घरी पोचली नाही. महिना उलटला. मग एका सकाळी हवालदार पत्र घेऊन आला. नदीत खाली एका तरुण बाईचं प्रेत सापडलं होतं. पाण्यानं ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं, उरले होते ते दात. हरवलेल्या मुलींपैकी कुणी आहे का ते ताडून पाहायचं होतं, आणि त्या यादीत घड्याळवालीही होती. डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात अडकले होते, ते तिथूनच म्हणाले, "काका, तिचा साचा द्या त्यांना." काकांनी खोकं काढलं, कापूस लावून नीट बांधलं आणि दिलं. मी हवालदाराची सही घेतली. आम्ही तिघंही तिथे होतो आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या बापाचा फोन आला. आधी मला वाटलं रडतोय. रडतच होता, पण आनंदानं. "जुळलं नाही! ती आमची नाही म्हणाले! ताई, तुमच्या डॉक्टरांना सांगा, साचे करणाऱ्यांनाही सांगा. माझी पोरगी कुठेतरी आहे." मी मागे पळत गेले. काकांनी प्लॅस्टरचे हात डोळ्यांना लावले आणि डोळे चुरचुरायला लागले तशी मी त्यांना ओलं फडकं दिलं. आम्ही दोघंही हसत होतो.

हवालदार खोकं परत द्यायला आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. चहा घेता घेता म्हणाला, "बरं झालं बिचाऱ्यांचं. तुमच्या साच्यात सगळी खिचडी, आणि त्या बाईचे दात कसे ओळीत. चार दात कमीच होते म्हणे, पण फट कुठे नाही. आमच्या डॉक्टरनं बघता बघता नाही म्हणून सांगितलं."

हवालदार गेला. काकांनी खोकं खाली ठेवलं. मग स्टूल ओढून माळ्यावर चढले, कागदाची गुंडाळी खाली आणली आणि माझ्या टेबलावर सोडली. वरचा जबडा, खालचा जबडा. ओळीतले दात, चार कमी, फट कुठे नाही.

"मी पहिला दिला," काका म्हणाले. "ताईसाहेब, मी त्यांना पहिला दिला."

डॉक्टर वाईट माणूस नाहीत, पण अशा वेळी त्यांच्या तोंडून नियम बाहेर पडतात. त्यांनी लगेच पोलिसांना फोन लावला. दुसरा साचा घेऊन या, असं तिकडून सांगितलं. "झालं," डॉक्टर म्हणाले. "उद्या पोचवा. घरच्यांना ते कळवतील. आपण मध्ये पडायचं काही कारण नाही."

"मध्ये मी आधीच पडलोय," काका म्हणाले. डॉक्टरांना त्यांनी असं उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "दारात उभं राहून शिपाई सांगणार, आणि निघून जाणार. ती आशा माझ्या हातून गेलीय त्यांच्या घरात. मलाच जायला हवं." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही याल? मला बोलता येत नाही."

मला जायचं नव्हतं. पण त्यांना एकट्याला पाठवायचं कसं? बसमध्ये काका साच्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. एकदाच बोलले. "पोरगी म्हणत होती, फोडून टाका. ऐकायला हवं होतं." मला संताप आला, त्यांचा नाही, कुणाचा ते कळेना. मी म्हटलं, "गप्प बसा हो काका."

दोन खोल्यांचं घर होतं. दार आईनं उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. आतून बापाचा आवाज आला, "कोण गं?" आणि तोच बाहेर आला, दांडगा, दाढी नुकतीच केलेला. काकांचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातात घेतले. "साचेवाले तुम्ही? अहो, तुमच्यामुळे माझा जीव जागेवर आला! बसा, बसा. मी जेवायलाच बसत होतो. तुम्हीही बसा."

आम्ही जेवून आलोय, असं मी खोटंच सांगितलं. आईनं त्याचं ताट वाढलं आणि मला म्हणाली, "ताई, पाणी न्यायला जरा आत या."

आत तिनं पेला माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "शेवटचा साचा आणलाय ना?"

मी मान हलवली.

"मला त्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "हे घरी येऊन सांगायला लागले, साच्यात सुळा वर होता, दात वेडेवाकडे होते, जुळलं नाही. माझ्यासमोर तिचे चार दात काढले, बाकीचे सरळ केले, ताई. दर महिन्याला मीच नेत होते तिला. यांना काय माहीत? हे गाडीवर." पदराच्या टोकानं तिनं ओला ओटा पुसला, पुन्हा तीच जागा पुसली. "महिनाभर यांच्या पोटात अन्न राहत नव्हतं. परवा पहिल्यांदा जेवले. रात्री घोरले. मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. मग काल वाटलं, उद्या सांगू."

"आम्ही परत जाऊ का?" मी विचारलं.

"नको. माझ्याच्यानं होणार नाही, ते तुम्हीच करा. पण यांचं जेवण होऊ द्या."

बाहेर बाप जेवत होता आणि बोलत होता. पोरगी रागावून मैत्रिणीकडे गेली असेल, दुसऱ्या गावात नोकरी धरली असेल, परत आली की आपण अवाक्षर विचारायचं नाही. काका पिशवी मांडीवर धरून "हो, हो" म्हणत होते. आईनं त्याला पुन्हा भात वाढला. नको नको म्हणाला तरी आणखी वाढला. त्यानं सगळं संपवलं, पाणी प्यायला, हात धुऊन आला. आईनं ताट उचललं आणि काकांना म्हणाली, "भाऊ, आता दाखवा."

काकांनी साचा काढला. बापानं तो हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि त्याचा चेहरा उजळला. "ही तर आमचीच! हसली की अशीच दिसते." त्यानं दोन्ही जबडे एकमेकांवर बसवून पाहिले. मग कपाळावर आठी आली. "मग तिकडे दिले ते कुणाचे होते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाची एवढी फटकळ, मी आईकडे पाहिलं.

"तिचेच," आई म्हणाली. "आधीचे."

तो ओरडला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि साचा दोन्ही हातांनी छातीशी धरला. आई त्याच्याजवळ जाऊन बसली. बाहेर ऊन उतरलं तरी त्यानं मूठ सोडली नाही, आणि तो साचा पोलिसांकडे पोचवायचा होता. मी काकांकडे पाहिलं. काका उठले, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि प्लॅस्टरनं पांढरे झालेले हात पुढे केले.

"द्या, दादा," ते म्हणाले. "मला न्यायचाय तो."