दिघीच्या लाँचचे डिझेल

आगरदांड्याच्या जेट्टीवरील एकुलत्या पंपावर डिझेल देणारे ते गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून परदेशांतील तेलबंदीच्या बातम्या मोठ्याने वाचत. एकदा चारचौघांत मी त्यांना अडाणी म्हणालो. त्यांनी तत्काळ दिघीला जाणाऱ्या माझ्या एकमेव लाँचचे डिझेल तोडले.

"माफी मागा शेट, मगच डिझेल."

पण त्यांचे घर खाडीपलीकडे, दिघीला. लाँच बंद पडल्यामुळे ते माझ्याच ओटीवर मुक्कामाला आले.

"निर्बंध लाँचवर हाय, वहिनींच्या जेवणावर न्हाय," म्हणत त्यांनी आणखी एक बांगडा वाढून घेतला.

तिसऱ्या दिवशी पानावरच मी मान खाली घालून त्यांची माफी मागितली. त्यांचा घास हातातच राहिला.

"एवढ्या लवकर? पेपरात तर वर्षानुवर्षं कुणी नमत न्हाय!"

'माफी' हा एक शब्द उच्चारायला मला तीन दिवस लागले होते.