मृणालीचा दम

शेलार गावाजवळच्या शाळेत धम्मदिना अकरा वर्षं पीटी शिकवत होती. दर जुलैत आणि जानेवारीत ती मैदानावर स्पीकर ठेवायची, वीस मीटरवर दोन खुणा मांडायची आणि मुलींना पळवायची. स्पीकर 'टूँ' करायच्या आत पलीकडची खूण गाठायची. टूँ जवळजवळ येत जायचं. जिचा दम संपेल ती बाहेर. कोणी किती फेऱ्या केल्या ते ती वहीत लिहायची, वजनही लिहायची.

वह्या चाळताना एक गोष्ट तिला खटकायची. बऱ्याच मुलींचा दम आधी जायचा आणि वजन मागून चढायचं. मुलगी अजून काडीसारखी असते, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

मृणालीचं तसंच झालं. सहावीत तिने अडतीस फेऱ्या केल्या होत्या. सातवीत एकोणीस. धम्मदिनाने तिच्या वडिलांना, चांगदेवला, बोलावून घेतलं. त्याची दिघाशी गावात जमीन होती, तिथे आता गोदामं उभी होती.

"पोरगी काडी हाय मॅडम," तो हसून म्हणाला. "तुमी कसली काळजी करता?"

"वजनाचं नाही म्हणत मी. तिचा दम निम्म्यावर आलाय. पूर्वी चालत यायची, आता गाडीने येते, इथून थेट क्लासला. रोज अर्धा तास तरी तिला पळू द्या."

"पळून काय करायचंय? अभ्यास महत्त्वाचा." तो उठला. विषय संपला.

नववीत येईपर्यंत मृणालीचं वजन चौदा किलोंनी वाढलं होतं.

जानेवारीतल्या चाचणीच्या दिवशी नेहमीप्रमाणे आधी वजनं झाली. मुलगी काट्यावर उभी राहायची, धम्मदिना आकडा मोठ्याने सांगायची, वर्गाची मॉनिटर मनाली लिहून घ्यायची. मृणालीचा आकडा ऐकून मागे कोणीतरी खुदकन हसलं. धम्मदिनाने "ए, गप्प!" म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं.

मग पळणं सुरू झालं. सहाव्या फेरीला मृणालीचे पाय वाकडे पडायला लागले.

"पळ मृणाली, थांबू नकोस!" धम्मदिना ओरडली.

सातव्या फेरीला ती तोंडावरच आपटली.

धम्मदिनाने तिला उताणं केलं. हात गार, ओठ पांढरे. नाडी लागत होती, पण भरभर. मनालीने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं तेव्हा कुठे तिने डोळे किलकिले केले. धम्मदिनाने तिला रिक्षात घातलं. धामणकर नाक्याला ट्रक आडवा झाला होता. पुढे-मागे हॉर्न, रिक्षा जागची हलेना.

"भैया, साइड से निकालो ना!"

"किधर से निकालूँ, मॅडम?"

मृणालीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ती पुटपुटली, "परवापासून काही खाल्लं नाही, मॅडम."

"का गं?"

"तुम्ही वजन मोठ्याने वाचता ना."

अकरा वर्षं धम्मदिना आकडे वाचत होती आणि किती मुलींनी ते असे ऐकले असतील, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

दवाखान्यात सलाईन लागलं. साखर फार उतरली होती, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात चांगदेव आला, मागे त्याची बायको विनिता.

"पोरीला मारायला काढली काय तुमी? नोकरी ऱ्हायची न्हाय तुमची, सांगून ठेवतो!"

मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, हे शब्द धम्मदिनाच्या जिभेवर आले. खरेही होते. पण पलंगावरची मुलगी तिच्याकडे बघत होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तिचं वजन सगळ्यांसमोर वाचलं. त्या भीतीने ही दोन दिवस उपाशी राहिली. आणि तशीच मी तिला पळवली."

चांगदेव आणखी चढणार होता, तर विनिताने त्याचा दंड धरला.

"बस करा. घरात आपण काय कमी बोलतो तिला? ताटावर बसली की तुमी काय म्हणता, आठवा."

चांगदेव बाहेर जाऊन उभा राहिला.

शाळेने धम्मदिनाला मेमो दिला, जानेवारीची उरलेली चाचणी रद्द केली. तिने सही केली. काटा तिने स्वतः उचलून कपाटात टाकला, वहीतला वजनाचा रकाना बंद केला. मुलींना आता ती आधी विचारते, सकाळी काय खाल्लं.

महिन्याभराने एका सकाळी साडेसहाला विनिता मृणालीला घेऊन मैदानावर आली.

"हिला तुमीच शिकवा," एवढंच म्हणाली.

पहिला आठवडा नुसतं चालणं. मग दोन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं. मृणाली रडली, दोनदा आलीच नाही, तिसऱ्यांदा आली. एप्रिलपर्यंत तिच्या बावीस फेऱ्या झाल्या. वजन किती हे धम्मदिनाने विचारलं नाही.

चांगदेव धम्मदिनाशी अजून बोलत नाही. विनिता मात्र कट्ट्यावर बसून कंटाळली आणि एक दिवस साडी खोचून लेकीमागे निघाली. दुसऱ्याच वळणावर तिला धाप लागली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि पुढून मृणाली ओरडली, "आई, चालत ये, पण थांबू नको!"