नाल्याकाठी एकामागे एक

आमच्या वस्तीच्या मागून एक नाला जातो. पावसाळ्यात त्याला पाणी असते, बाकी वर्षभर सांडपाणी आणि बेशरमाची झुडपे. काही वर्षांपूर्वी त्याच्या काठाने पेव्हर ब्लॉकचा रस्ता झाला, कडेला लोखंडी कठडा लागला, सिमेंटचे बाक आले, आणि लोक त्याला ट्रॅक म्हणू लागले. आमच्या गल्लीच्या टोकाला तो सुरू होतो आणि पलीकडच्या जुन्या पुलापाशी संपतो. तीन माणसे शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद आहे.

यंदा पेरणी उरकली आणि मायच्या छातीत दुखले. स्टेंट टाकावी लागली. साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात धाकट्या भावाकडे राहणाऱ्या मायला मी बुलढाण्याला माझ्या घरी आणले. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी चालवा, हळूहळू वाढवा, छातीत दाटून आले तर लगेच कळवा. तीन महिन्यांनी तपासू, न थांबता चालता येत असेल तर गावी जायला हरकत नाही. मायने त्यातले शेवटचेच तेवढे धरून ठेवले.

"म्हंजे सोयाबीन सोंगाच्या वक्ताले मी घरी," रिक्षात बसताच कापणीचा हिशेब करत ती म्हणाली.

मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. घरातला पहिला पदवीधर, आणि जी नोकरी मिळाली तिच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण त्या महिन्यांत मी फार थकलो होतो. बायकोची शाळा सकाळची, म्हणून मायला फिरवणे माझ्याकडे. रात्रीचे अर्धवट काम डोक्यात, नळ येणार की नाही ही काळजी, आणि पायांत चपला. अर्धा रस्ता मी झोपेतच चालत असे.

आम्ही एकामागे एक चालायचो. मी पुढे, माय चार पावले मागे. हे कुणी ठरवले नव्हते. आमच्या शेताची वाट बांधावरून जाते. दोघे शेजारी चालले तर एकाचा पाय कुणाच्या तरी पिकात पडतो. म्हणून आमच्याकडची माणसे डांबरी रस्त्यावरसुद्धा रांगेतच चालतात आणि तशीच बोलतात, मागचा पुढच्याच्या पाठीशी. ट्रॅकवर बाकीचे लोक जोडीने चालत. एकदा मी म्हटले, "माय, बाजूनं चाल न."

"कोन्या सायकलवाल्याच्या आडवी येऊ काय? तू हो पुढं. मी येऊन राह्यली."

सुरुवातीला ती मागून सारखी बोलत असे.

"ह्या बाईले एवढ्या घाईनं कुठी जायचं हाय?"

"कुठंच नाही. फिरते ती."

"आन मंग वापस येते?"

"हो."

"एवढ्या चालन्यात माह्यं अर्धं वावर निंदून झालं असतं."

मी हं म्हणायचो. पुढे पुढे तिचे बोलणे कमी होत गेले. खरे सांगतो, मला बरे वाटले. सकाळी सकाळी उत्तर द्यावे लागत नाही, एवढेच माझ्या लक्षात आले. पुलाशी पोचलो की मी कठड्याला टेकून कार्यालयाचे निरोप मोबाइलवर वाचायचो. माय थोड्या वेळाने यायची. कधी म्हणायची, चपलेत खडा गेला. पेव्हर ब्लॉकवर रोज खडा कुठून येतो, हे विचारण्याइतका मी जागा नव्हतो.

एका सकाळी भुरभुर होती. मायला घरी ठेवून मी दुधासाठी ट्रॅकवरून निघालो. तिसऱ्या बाकावर एक निवृत्त तलाठी रोज बसतात. त्यांनी मला थांबवले.

"आज माय नाही आणली?"

"पाऊस आहे ना."

"बरं केलं. चार ठिकानी बसा लागते तिले. छाती धरून बसते. म्या म्हटलं, पोराले हाक मारतो, तं हात जोडते. म्हनते, नका सांगू दादा, सोंगनी आली." मग मला विचारले, "तुमी काऊन मांगं पाहत नाही हो?"

कॉलेजसाठी मेहकरला निघालो तो दिवस आठवला. फाट्यापर्यंत मी पुढे होतो आणि माय डोक्यावर माझी पेटी घेऊन मागे. तेव्हाही मी मागे पाहिले नव्हते. पेटी खाली उतरवल्यावर तिला बराच वेळ मान वळवता येत नव्हती.

घरी आलो तर ती तांदूळ निवडत होती.

"माय, तुले दम लागते?"

"कोन सांगतलं?" मग सुपात पाहतच म्हणाली, "थोडासाक."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं जाऊ देलं असतं तू?"

नसते दिले. ते तिलाही ठाऊक होते. ती म्हणाली, "इथं तुमी दोघं गेले का मी भिंतीकडं पाहत बसतो, बाप्पा. कोनी ये म्हनत नाही, कोनी बस म्हनत नाही. डॉक्टरपाशी मी बोलीन. तू नको बोलू."

दोन दिवसांनी तीन महिन्यांची तपासणी होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "चालताना कुठे थांबावे लागते का?"

"कुठीच नाही, साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही सोबत असता ना?"

"असतो," मी म्हणालो, "पण मी पुढे असतो." आणि मग सगळे सांगून टाकले.

पुन्हा तपासण्या, नवी औषधे, आणि सोंगणीला जाणे नाही. माय खुर्चीतून उठली, पदर नीट केला. जिन्यावर मी हात धरायला गेलो तर तिने धरू दिला नाही.

"लई शिकवलं तुले म्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चालणे बंद केले नव्हते. थोडे थोडे, बसत बसत चालायचे होते. दुसऱ्या सकाळी मी तिला पुढे हो म्हटले. वाद न घालता ती पुढे झाली. तिची चाल मी इतक्या वर्षांत अशी मागून कधी पाहिली नव्हती. एक पाय थोडा बाहेर पडत होता, हात कमरेवर होता. पहिल्याच बाकापाशी ती थांबली आणि बसली. मी चार पावलांवर उभा राहिलो.

"उभा काऊन? बस," ती नाल्याकडे पाहत म्हणाली.

मी बसलो. सायकलवाले जात होते.

"लागली आशीन सोंगनी," ती म्हणाली.

"लागली असेल."

मला कार्यालयाला उशीर होत होता. ती उठेपर्यंत मी उठलो नाही.