तीन संग्रहालयं आणि बाबांची मोटार

वसईतल्या वालीवच्या गॅरेजातला तो मेकॅनिक गाडीला ‘बाय’ म्हणायचा आणि गिऱ्हाइकाला नुसतं ‘ओ’. बॉनेट उघडण्याआधी त्यावर दोनदा हलकेच टकटक करायचा, परक्याच्या दारावर करावी तशी. मला तेवढा तो ‘मास्तर’ म्हणे.

बाबा गेल्यावर अंगणातली त्यांची जुनी मोटार मला बघवेना. ती जुन्या मोटारींच्या एखाद्या संग्रहालयाला द्यायचं मी ठरवलं. मला गाडी येत नव्हती, म्हणून गुजरातपर्यंत तोच चालवत आला. पहिल्या संग्रहालयात त्याला धूळ फार वाटली. दुसऱ्यात गाड्या विटांवर चढवलेल्या होत्या. “मास्तर, बायला हितं बसवून ठेवनार?” त्याने विचारलं. तिसरं मला आवडलं. तिथले व्यवस्थापक म्हणाले, “आम्ही चालू गाडीच घेतो. सुरू करून दाखवा.”

त्याने पुष्कळ खटपट केली, घाम पुसला, कपाळाला हात लावला, पण गाडी हूं की चूं करेना. शेवटी दोन पहारेकऱ्यांनी ती ढकलत फाटकाबाहेर, वळणाआड नेऊन सोडली.

ते परत फिरताच त्याने खिशातून इंजिनाचा बोटभर रोटर काढला, ज्याच्याविना ठिणगीच पडत नाही तो, जागेवर बसवला, आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. मी त्याच्यावर भडकलो.

“द्यायचीच असंल तर वळवतो परत,” तो शांतपणे म्हणाला. “आता चालू हाय.”

ती ओळखीची घरघर मी बराच वेळ ऐकत बसलो. मग विचारलं, “अंधाराआधी वसई गाठू का?”