कोपऱ्यातली धरलेली जागा

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात लिंबू येतं ते वरणावर पिळायला आणि मिरची येते ती ठेच्याला. दाराला बांधायला नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देव, भूत, अंगात येणं हे सगळं घराबाहेर गेलं. मी चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. असले अनुभव सांगणाऱ्यांना आजवर मी तोंडावर विचारत आले, "झोप कमी पडते का तुम्हाला?" आता तुम्ही मला तेच विचारलंत तरी मी रागावणार नाही.

तर झालं असं, की आमच्या लायब्ररीच्या नूतनीकरणाला एकदाची मंजुरी आली. इमारत जुनी, विटांची, वर सागवानी कैच्यांचं, म्हणजे तिकोनी लाकडी सांगाड्यांचं छप्पर आणि कौलं. पुढे पुस्तकांचं दालन, मागे अभ्यासिका आणि मध्ये एक भिंत. ती भिंत पाडून सलग मोठा हॉल करायचा होता. मंजुरी आली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. पुस्तकं तोवर ठेवायची कुठे? एका राईस मिलचं गोदाम मिळालं, पण तिथले उंदीर फक्त धानच खातील याची हमी कोण देणार? रॅक जुनेच पॉलिश करायचे की लोखंडी घ्यायचे? चार्जिंगचे पॉइंट कुठे? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे पोरं बसणार कुठे, कारण भरतीची परीक्षा तोंडावर आली होती.

त्या पोरांमध्ये माझी पल्लवीही होती. माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही दप्तराएवढी होती, तेव्हापासून माझ्याच घरी वाढली. मला मावशी म्हणते, पण खरं सांगायचं तर मला दुसरं कोणी नाही. तिला वनरक्षक व्हायचं होतं. पळण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं, लेखी परीक्षेत मात्र दरवेळी थोडक्यात हुकायची. म्हणून दिवसभर अभ्यासिकेत.

आमच्या अभ्यासिकेचा एक अलिखित कायदा आहे. टेबलावर बाटली ठेवली की जागा धरली. बाटली, रुमाल, कंगवा... काहीही चालतं. माणूस चहाला जावो नाहीतर घरी जेवून येवो, त्या वस्तूला कोणी हात लावत नाही. मला या प्रकाराचा भयंकर राग.

त्यात मागच्या कोपऱ्यातली जागा सगळ्यात चांगली. खिडकी, डोक्यावर पंखा, बाजूला प्लग. आणि तिथे कायम एक स्कार्फ ठेवलेला. आमच्याकडे पोरी उन्हात तोंडाला बांधतात तसला, धुवून धुवून रंग उडालेला, कधीकाळी जांभळा असावा. मी विचारायची, "कोणाचा गं हा?"

"एका ताईचा हाये मॅडम. येते ते."

"कोणती ताई? नाव काय?"

मग पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. दरवर्षी नवीन पोरी यायच्या, उत्तर मात्र तेच. ती ताई मला एकदाही दिसली नव्हती. माझ्या जेवणाच्या सुटीत येत असेल, एवढाच विचार मी केला होता.

पुस्तकं गोदामात जायला लागली त्या आठवड्यात मी तो स्कार्फ उचलला, सापडलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकला आणि पल्लवीला म्हटलं, "बस इथे."

ती घुटमळली. "कोणाची तरी जागा हाये ना मावशी."

"जागा कॉलेजची आहे. बस म्हटलं ना!"

ती बसली. टेबलावर तिची पोचे पडलेली स्टीलची बाटली, झाकणाला मीच लावलेली पिवळी चिकटपट्टी.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी आमचे शिपाई देवाजीभाऊ अभ्यासिकेला कुलूप लावून जेवायला गेले आणि पल्लवी आत अडकली. मी भाऊंना नको नको ते बोलले. म्हातारा माणूस, कावराबावरा झाला.

"मॅडम, मी आत जाऊन पायलं. फकत बाटली होती. पोरगी नोती."

पल्लवी म्हणाली, "मी त इथीच होती भाऊ. तुमी माह्याकडं पाहून परत गेले."

वयाचा परिणाम, म्हणून मी विषय सोडून दिला. पण मग तिची मैत्रीण घरी आली ती तणतणतच. "काऊन वं, दिवसभर कुठी होती तू? तुही बाटली पाहून पाहून डोळे थकले माहे!" पल्लवी हसली, तिला वाटलं ही मस्करी करून राह्यली. मलाही तसंच वाटलं.

मग भिंत पाडायचा दिवस आला. सगळ्या पोरांची सोय सभागृहात केली होती. सकाळची स्वच्छ ऊन पडलेली वेळ. बाहेर रस्त्यावरून नाटकाच्या जाहिरातीची गाडी भोंगा वाजवत चालली होती — आमच्याकडे हिवाळाभर वडशाच्या झाडीपट्टी नाटकांचा हा गोंगाट असतोच. ठेकेदार रफिकभाईंनी माणसं उभी केली, मशीन लावलं. आधी ते स्वतः आत फिरून आले. देवाजीभाऊ फिरून आले. बोलणी खाल्ल्यापासून ते फार जपून बघायचे. शेवटी मी दारात उभी राहिले आणि नीट बघितलं. खोली रिकामी. कोपऱ्यातलं टेबल आणि दोन खुर्च्या तेवढ्या उचलायच्या राहिल्या होत्या. टेबलावर पल्लवीची बाटली.

"चलेगा ना मॅडम? सुरू करू?" रफिकभाई म्हणाले.

मी "करा" म्हणणारच होते. खरंच सांगते, शब्द ओठांवर आला होता. मग वाटलं, स्टीलची बाटली ढिगाऱ्यात कशाला जाऊ द्यायची! कार्टी विसरून गेली म्हणून मनातल्या मनात तिला शिव्या घालत मी कोपऱ्यापर्यंत गेले. बाटली धरली, उचलायला लागले. उचलेना. पलीकडून कोणीतरी ती धरली होती.

आणि पल्लवी समोर होती. आली वगैरे नाही. होती. खुर्चीवर, पुस्तक उघडं, एक हात बाटलीवर.

"काय झालं मावशी? दारातून केव्हाची पाहून राह्यली माह्याकडं, बोलून नाई राह्यली..."

"सभागृहात का नाही गेलीस?" एवढंच कसंबसं बोलले.

"तिथी भोंग्यानं काई वाचनं होते का? म्हणून इथी येऊन बसली. मशीन लागलं का उठीन म्हटलं."

मी तिचा दंड धरून तिला उठवलं. बाजूच्या खुर्चीवर तो रंग उडालेला स्कार्फ पडला होता. हा इथे परत कसा, असं क्षणभर वाटलं, पण थांबायला वेळ कुठे होता! पल्लवी मागे वळून म्हणाली, "अन् —"

"आधी बाहेर हो!" मी ओरडले आणि तिला ओढतच दारापर्यंत आणलं.

बाहेर आल्यावर मी रफिकभाईंना हात केला. मशीनचा पहिला धक्का भिंतीला बसला आणि भिंत पडायच्या आधी छपराची एक अख्खी कैची सुटून खाली आली. ती नेमकी त्याच कोपऱ्यावर पडली. कौलं, लाकूड, धूळ... टेबलाचा भुगा झाला. माणसं ओरडत मागे पळाली. मी पल्लवीला असं घट्ट धरलं होतं की तिच्या दंडावर वळ उठले.

धूळ खाली बसायच्या आत तिने विचारलं, "मावशी, ते निंगाली ना?"

"कोण?"

"ताई. माह्या बाजूले बसून होती ते. तिचीच त जागा होती. मी बसली त काई बोलली नाई बिचारी, बाजूच्या खुर्चीवर सरकली. रोज राहे." मग माझं तोंड बघून तिचा आवाज बारीक झाला. "तुले नाई दिसे?... मले वाटलं, तू दोघींलेबी उठवून राह्यली."

मी रफिकभाईंना काम थांबवायला लावलं. आत कोणीतरी असेल, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "या अल्ला, मैंने खुद देखा था मॅडम!" पण तसेच धावले. माणसांनी हातांनी एकेक वीट, एकेक कौल बाजूला केलं. खाली फरशीपर्यंत गेले. कोणी नव्हतं. स्कार्फही नव्हता. मी खोकं उपसून पाहिलं. त्यातही नव्हता.

त्यानंतर मी चंद्रपूरला जाऊन डोळे तपासून आले. चष्म्याचा नंबर तोच निघाला. कॉलेजात जुन्या लोकांना विचारलं. कोणी पोरगी गेली, कोणाचा अपघात झाला, असं काहीही कोणाला आठवत नाही. आमच्याकडच्या भुतांच्या गोष्टींत निदान एक कारण तरी असतं. इथे तेही नाही. देवाजीभाऊंची मी माफी मागितली, तर ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, त्या दिवशी बाटली मीबी पायली होती, तुमाले सांगाले भेलो."

पल्लवी पास झाली. सिरोंच्याकडे पोस्टिंग आहे, तिथे लागते म्हणून तेलुगू शिकतेय, फोनवर माझ्यावरच प्रयोग करते. त्या ताईचा चेहरा कसा होता, हे तिला आता सांगता येत नाही. "चांगली होती," एवढंच म्हणते.

छप्पर पडल्यामुळे नकाशा बदलावा लागला, तो पक्का करायच्या बैठकीत इंजिनिअरने शेवटचं विचारलं, काही बदल हवेत का. मी म्हटलं, मागच्या कोपऱ्यात एक दार द्या. "कशाला मॅडम, तिकडे तर रस्ताच नाही." म्हटलं, असू द्या. दिलं त्यांनी.

नवी लायब्ररी झकास झाली आहे. संध्याकाळी बंद करताना मी ते दार सताड उघडते आणि रिकाम्या खुर्च्यांना मोठ्याने सांगते, "उठा, बंद करतेय." थोडी थांबते, मग कुलूप लावते. स्टाफ हसतो. हसू देत.

तो स्कार्फ परत कधीच दिसला नाही. बाकीच्यांना यात हायसं वाटतं. मला वाटत नाही. माझ्या पोरीला मी हाताला धरून बाहेर काढलं... तिच्या बाजूच्या खुर्चीकडे मी बघितलं होतं, आणि आधी फक्त बाटली दिसली होती, तसा मला फक्त स्कार्फ दिसला होता.