लाइट परत येते तेव्हा

लाइट गेली की उज्जैनमध्ये माणसं ओट्यावर येऊन बसत, पुठ्ठ्याने वारा घेत आणि वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडत. आमचे बटणसर मात्र उठून बटणं बंद करत फिरत. पंखा, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर. स्वतःच्या घरात केलं असतं तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, पण ते चहाला गेलेल्या घरातलीही करत. एकदा एका लग्नात त्यांनी मांडवभर फिरून बटणं बंद केली. लाइट येऊन सगळी गल्ली उजळली, तरी नवरानवरी अंधारातच उभी. शेवटी मुलीचे मामा ओरडले, "अरे भई, त्या प्रोफेसरना कुणीतरी बसवा!"

सर ओशाळले नाहीत. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं: "लाइट जाते तेव्हा घाबरायचं नसतं. परत येते तेव्हा घाबरायचं."

ह्या वाक्याचा उगम काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, उजव्या हाताच्या बोटावर होता. एकदा लाइट गेली म्हणून काकू मिक्सरच्या भांड्याला चिकटलेली चटणी बोटाने काढत होत्या, आणि बटण चालूच राहिलं होतं. लाइट आली. बोट वाचलं, पण नख पुन्हा कधी सरळ उगवलं नाही. त्या दिवसापासून सरांच्या मनात जी भीती बसली ती उठलीच नाही.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवत. निवृत्त झाल्यावर माधव नगरात राहत. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. डिप्लोमा करून मी फ्रीगंजात कम्प्यूटरवर नकाशे काढून देण्याचं दुकान टाकलं होतं. तेव्हा असली दुकानं नवीन होती, आणि बाई ते चालवते हे त्याहून नवीन. सर गुंडाळलेला कागद काखेत धरून आले, दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंजू, शटर अर्धं खाली घे."

मी घेतलं. तिथून पुढे कित्येक महिने माझं शटर अर्धंच राहिलं.

कागदावर एक रोबो हात होता. त्याची हकिगत काकूंच्या गुडघ्यापासून सुरू होते. काकूंचा डावा गुडघा एका मोठ्या शहरात बदलला होता. नवा सांधा बसवायला हाड कापावं लागतं. ते किंचित तिरपं कापलं गेलं, आणि काकू कायमच्या एका बाजूला झुकून चालायला लागल्या. सरांनी कुणाला दोष दिला नाही. "हाताने कापतात गं. अंदाज किंचित चुकतो, आणि तो किंचित माणूस जन्मभर चालतो," एवढंच ते म्हणत. उजवा गुडघाही गेलेला होता. डॉक्टर म्हणत, करून घ्या. काकू म्हणत, "मरेन, पण पुन्हा कापू देणार नाही."

हाड कापताना त्यावर धातूचा एक ठोकळा टेकवतात. त्याला खाच असते, त्या खाचेतून करवत चालवायची. त्याला जिग म्हणतात. सरांचा रोबो हात ही जिग एक्स-रेवरून काढलेल्या कोनात नेऊन हाडापाशी धरून ठेवणार होता. कापायचं सर्जननेच, स्वतःच्या हाताने. "करवत यंत्राच्या हातात द्यायची नाही," सर म्हणायचे. "यंत्राला भीती वाटत नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हातात करवत?"

आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटच्या नकाशात होता. लाइट गेली की हात जागच्या जागी घट्ट आवळला जाई. लाइट परत आली तरी तो हलत नसे. सर्जनने खालचं पेडल पायाने दाबलं तरच त्याला जाग येई. काकूंच्या वेड्यावाकड्या नखातून निघालेलं पेडल होतं ते.

नकाशांवरून सरांनी मागच्या अंगणात एक हात जुळवला, आणि सरावासाठी ते खाटकाकडून म्हशीची हाडं आणत. शुद्ध शाकाहारी माणूस, हातात रबरी मोजे, नाकाला रुमाल. खाटकाने विचारलं, "प्रोफेसर साब, कुत्ता पाला है क्या?" सरांना खोटं बोलता येत नसे. "नहीं, घुटना बना रहा हूँ," ते म्हणाले. खाटकाने पुढे कधी काही विचारलं नाही. काकूंनी मात्र हाडांना घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. सगळं संशोधन मागच्या अंगणात, तुळशीकडे पाठ करून.

पेटंटचं बघायला आम्ही इंदूरला एका वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "देखिए, ऑपरेशन के तरीके पर पेटंट नहीं मिलता. औज़ार पर मिलता है, वो भी नया हो तो. और नया तभी तक है जब तक आपने किसी को दिखाया नहीं. अर्ज़ी लगने से पहले चार लोगों के सामने खोल दिया, तो समझिए गया."

परतीच्या बसमध्ये सर एक शब्द बोलले नाहीत. उज्जैन जवळ आल्यावर म्हणाले, "मंजू, आपण आत्ता बसमध्ये काही बोललो का?"

"नाही, सर."

"बरं झालं."

मी व्यवहारी बाई आहे. रोजच्या कामांची यादी करते, झालेलं खोडते, पुढे जाते. भीतीला माझ्या यादीत जागा नव्हती. पण सरांची भीती सर्दीसारखी लागायची. मी नकाशांचे फसलेले प्रिंट फाडून घरी नेऊन बंबात घालायला लागले. झेरॉक्सवाल्याकडे पाठ करून उभी राहायला लागले. एकदा टाय लावलेला एक अनोळखी माणूस दुकानात डोकावला. "मैडम, प्रोफेसर साहब का काम यहीं होता है?" मी झटकन मॉनिटर बंद केला. कोपऱ्यातल्या स्टुलावर सर बसले होते, त्यांनी मांडीवरचा नकाशा पटकन शर्टात सरकवला. तो माणूस यूपीएस विकायला आला होता. कॉलेजात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की लाइटची एवढी धास्ती घेतलेलं दुसरं गिऱ्हाईक गावात मिळणार नाही.

मी एकदा वैतागून विचारलं, "सर, इतकं घाबरून पेटंट घ्यायचं कशाला? तुम्हाला कारखाना काढायचाय का?"

"छे," ते म्हणाले. "उद्या कुणी मोठा कारखानदार हा हात करेल. त्याला पेडल महाग वाटेल, तो काढून टाकेल. मग कुठेतरी लाइट परत येईल, आणि टेबलावर कुणाची तरी काकू असेल. पेटंट माझं असलं तर मी त्याला नाही म्हणू शकतो. मला तेवढंच म्हणायचंय."

त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही. मलाही ते टेबल दिसायला लागलं होतं.

आता नाना. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, बँकेत अधिकारी, आवाज असा की माइक शोभेला. गणपतीत मंडळाची व्याख्यानं असत, आणि आपल्यातल्या कुणी काही केलं की त्याने ते गणपतीसमोर सांगायचं हा रिवाज. सरांनी फार पूर्वी नानांना होकार दिला होता, "गुडघ्याविषयी दोन शब्द बोलेन" म्हणून. नानांनी मंडळाच्या फळ्यावर लिहिलं: 'रोबोच्या मदतीने हाड कसे कापावे. प्रात्यक्षिकासह.'

फळा वाचून मी तडक नानांकडे गेले. ते हसले. "अगं मंजू, सरांनी काय अणुबॉम्ब केलाय का? बाप्पासमोर काय लपवायचं? आणि आता काही बदलणार नाही हां. बाहेरगावचे हाडांचे डॉक्टर येताहेत खास."

सर दिलेला शब्द मोडत नसत. पण सुटकेची वाट होती. वकीलसाहेबांचा माणूस कागद घेऊन मुंबईच्या पेटंट कार्यालयात गेला होता, व्याख्यानाच्या दिवशी अर्ज नक्की लागणार होता. लागल्याबरोबर तो माझ्या दुकानात फोन करणार होता. तेवढ्या भरवशावर सरांनी यंत्र टेंपोत चढवू दिलं, वर भैरवगढची छापील चादर घट्ट बांधून.

मी दिवसभर फोनजवळ बसले. जेवले नाही, लाइन अडेल म्हणून कुणाला फोन केला नाही. दोनदा रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना ते पाहिलं. सरकारी कचेऱ्या बंद व्हायची वेळ झाली, टळली. फोन वाजला नाही. मी शटर ओढलं आणि हॉलवर गेले.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत ते पाहुणे डॉक्टर, गळ्यात कॅमेरा. त्यांच्या शेजारी स्थानिक पेपरचा वार्ताहर. स्टेजवर बाप्पा, आणि बाप्पाशेजारी चादरीखालचं ते यंत्र. सरांनी दारात मला पाहिलं. मी मान हलवली. नाही. त्यांनी चादरीची गाठ चाचपून पाहिली.

ते एक्स-रेवर बोलले, कोनांवर बोलले. मग थांबले. घोटभर पाणी प्यायले. "पुढचं मला आज सांगता येणार नाही," म्हणाले.

"का सर, आम्ही काय जपानी हेर आहोत?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"मुहूर्त नाहीये वाटतं!"

"चादर तरी चांगली आहे. तीच दाखवा!"

नाना हसत हसत स्टेजवर चढले. "सर लाजताहेत. अहो, एवढं काय घाबरायचं? मी काढतो." आणि त्यांनी चादरीच्या गाठीला हात घातला. डॉक्टरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. सर यंत्राला पाठ टेकून उभे राहिले, दोन्ही हात पसरून, आणि त्यांचे ओठ हलत होते पण आवाज निघत नव्हता. गाठीचं एक टोक सुटलं. मी ओरडणार होते. पण ओरडून सांगणार काय? पेटंटचं नाव काढलं असतं तर कॅमेरा आणखीच पुढे सरकला असता.

बायकांच्या बाजूला खुर्ची सरकली. काकू उठल्या होत्या.

स्टेजच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. काकू एका बाजूला झुकत, प्रत्येक पायरीवर हात टेकत चढल्या. हशा कधी थांबला ते कळलं नाही. सरांचा आवाज एकदम फुटला, "जपून गं!"

"नाना, फळ्यावर प्रात्यक्षिक लिहिलंय नं तुम्ही?" काकू म्हणाल्या. "मग बघा." आणि त्या स्टेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. डावा पाय बाहेर फेकत, उजव्यावर कण्हत. मग वळल्या आणि परत आल्या. "हाड इतकंसं तिरपं कापलं की असं चालावं लागतं. हा एक झाला. दुसरा बाकी आहे, आणि मी भीतीने मेलेय. त्या दुसऱ्यासाठी ती चादर राहू द्या."

नानांनी गाठ पुन्हा बांधली. स्वतःच्याच हाताने.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. कागदावर एक सही राहिली होती, म्हणून काल जमलं नाही. अर्ज आज दाखल झाला. मी फोन ठेवला आणि शटर पूर्ण वर केलं.

पुढे कार्यालयाच्या हरकती आल्या. ऑपरेशनची पद्धत वगळा. जिग धरणारा हात परदेशात आधीच कुणीतरी दाखवला आहे, तोही वगळा. एकेक दावा गळत गेला. शेवटी उरलं ते लाइट परत आल्यावर न हलणं आणि पेडल. पेटंट मिळालं ते तेवढ्याचंच. मला रडू येत होतं. सर मात्र पत्र वाचून पहिल्यांदाच निवांत दिसले. "तेवढंच तर माझं होतं," म्हणाले.

त्यांचा हात कुणी बनवला नाही. उज्जैनच्या प्रोफेसराचं यंत्र माणसाच्या हाडाला लावायला कुणी धजलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. काही वर्षांनी सर झोपेत गेले. तेराव्याला लाइट गेली, आणि आम्ही सगळे, नानासुद्धा, उठून बटणं बंद करायला लागलो. पेटंटची मुदतही यथावकाश संपली. काकूंनी उजवा गुडघा तसाच ओढला.

तो अगदीच मोडला तेव्हा मी त्यांना इंदूरला घेऊन गेले. आता तिथे रोबोने गुडघे करतात. काकूंचं वय झालेलं, वजन उतरलेलं. स्ट्रेचरवर त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की बोटांचे ठसे उठले. माझ्या पिशवीत रिपोर्ट, औषधं, फोन नंबर सगळं क्रमाने लावलेलं होतं, आणि त्यातलं काहीही माझी भीती कमी करत नव्हतं.

तरुण सर्जन आला. हसतमुख मुलगा. "माताजी, डरिए मत. लाइट चली भी जाए तो जनरेटर है हमारे पास."

"जाने का मत बताओ, बेटा," काकू म्हणाल्या. "वापस आती है तब क्या करता है वो?"

"वापस आने पर? हिलता नहीं, माताजी. जब तक मैं पैर से पेडल न दबाऊँ, वहीं रुका रहता है." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ये आज तक किसी ने नहीं पूछा."

ते पेडल सरांच्या कागदावरून तिथवर पोहोचलं, की दुसऱ्या कुणाला वेगळ्या भीतीतून सुचलं, मला माहीत नाही. काकूंनीही विचारलं नाही. त्यांनी माझं मनगट सोडलं, वाकड्या नखाचं बोट उचलून त्या मुलाला म्हणाल्या, "चलो फिर," आणि डोळे मिटून घेतले.